बॉनेटवरची माफी

वॉचमनने इंटरकॉमवर फोन केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आप अकेले नीचे आओ. साहब को मत लाना."

सकाळची वेळ होती. कुकर चढवलेला, साहेब आंघोळीला गेलेले. मी गॅस बारीक करून तशीच गाऊनवर ओढणी टाकून खाली गेले. पार्किंगमध्ये आमच्या गाडीभोवती घोळका जमला होता. दूधवाला, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया, आणि बनियनवर सोसायटीचे सेक्रेटरी. मला बघून सगळे बाजूला सरले. एखाद्या घरात वाईट घडलं की लोक वाट देतात ना, तसे.

आमच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर गडद हिरव्या रंगात लिहिलं होतं: माफ कर बाय.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो अक्षराचा. इतकं सुरेख अक्षर मी दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा पाहिलं नव्हतं. ओळ सरळ, वेलांटीला डौल, आणि प्रत्येक अक्षराला खालून पिवळ्या रंगाची बारीक किनार. कुणीतरी आमच्या गाडीची वाट लावली होती, पण अगदी मन लावून.

"सॉरी, बाय," सेक्रेटरींनी माझ्यासाठी इंग्रजीत करून सांगितलं. ते गुजराती, पण मराठी उत्तम वाचतात. "म्हणजे कोणीतरी सोडून जातंय."

"कोणाला?"

त्यांनी बनियन खाली ओढलं. गाडी माझ्या नवऱ्याची आहे, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. आम्ही परळहून मीरा रोडला, सिल्व्हर पार्कात राहायला आलो, तेव्हापासून या माणसाने आवाज चढवून भाजीवाल्याशीसुद्धा भाव केलेला नाही. एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी, खिशात कायम अॅसिडिटीची गोळी, आणि रविवारी गाडी पुसणं हा एकमेव शौक. गाडी चालवण्यापेक्षा पुसण्यातच त्यांना जास्त समाधान. अशा माणसाला कुठलीतरी बाई "माफ कर, बाय" असं लिहून सोडून गेली, हे लोकांना खरं वाटलं, आणि ते मला का कोण जाणे, जास्त लागलं.

घोळक्यात पलीकडच्या विंगमधली नर्स होती. भाईंदरच्या एका खासगी हॉस्पिटलात कामाला, रात्रपाळी करून नुकतीच आलेली. आमच्यासारखीच पांढरी गाडी तिचीही; कंपनी तीच, मॉडेल तेच. खरं तर आमची गाडी उभी होती ती जागाही तिचीच. आदल्या संध्याकाळी पाण्याचा टँकर आत घ्यायचा म्हणून वॉचमनने आमची गाडी तिच्या रिकाम्या जागेत लावायला सांगितली होती. ती पुढे आली, बॉनेटकडे बघितलं, एक बोट अक्षरावरून फिरवलं.

"ऑइल पेंट आहे. निघणार नाही," एवढंच म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

नवरा खाली आला तो टॉवेल खांद्यावर टाकूनच. त्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "तू लिहिलंस?"

*

सोसायटीचं म्हणणं ऐकायला आम्ही ऑफिसात गेलो. सेक्रेटरींनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. गाड्या मालकांनी आपापल्या जबाबदारीवर लावाव्यात. ही पाटी आम्ही वर्षानुवर्षं वाचत होतो, पण आपल्यासाठी लिहिली आहे असं कधी वाटलं नव्हतं.

"कॅमेरा तर आहे ना?" नवरा म्हणाला.

कॅमेरा होता. पण पाण्याच्या टंचाईत कुणीतरी टाकीचा व्हॉल्व्ह फिरवतं असा कमिटीला संशय होता, म्हणून पार्किंगचा कॅमेरा टाकीकडे वळवलेला होता. आम्ही ते चित्रण बघितलं. पहाटेची टाकी अगदी स्वच्छ दिसत होती. वरून एक कावळा आला, बसला, गेला. शेवटी कुठून तरी खालून "खर्र खर्र" असा ब्रशचा आवाज येत असावा असं नवऱ्याला वाटलं, पण त्या कॅमेऱ्याला आवाज नव्हता.

"व्हॉल्व्ह तर कोणी फिरवला नाही," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले.

विमा कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने सांगितलं की कुणी मुद्दाम नुकसान केलं असेल तर पोलिसांत तक्रार लागेल, सर्व्हेअर येऊन बघेल, आणि तोवर रंगाला हात लावायचा नाही. पुरावा आहे तो.

पोलीस चौकीत एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी मोबाइलवरचा फोटो चष्मा वर करून बघितला, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अक्षर चांगलं आहे हो."

"तक्रार लिहून घ्या," नवरा म्हणाला.

"घेतो ना. पण काय म्हणून लिहू? शिवी नाही, धमकी नाही. उलट माफी मागितलीय."

"अहो, पण गाडीवर!"

"ते बरोबर आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते एकदम गंभीर झाले. "मला सांगा, हे बाय म्हणजे काय? कोणी जिवाचं बरंवाईट करायला तर निघालं नाही ना? तुमच्या ओळखीतली कोणी बाई सध्या दिसत नाहीये का?"

"माझ्या ओळखीत बाई नाही," नवरा म्हणाला.

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून दुजोरा दिला. तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी नवऱ्याला बाहेर बसवून मला एकटीला विचारलं, मग मला बाहेर बसवून त्याला. माझ्या नवऱ्याला त्याच्या आयुष्यात इतक्या गांभीर्याने कोणी काही विचारलं नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा थोडा ताठ चालत होता.

शेवटी तक्रार लिहिली गेली. त्यातलं वाक्य मला अजून पाठ आहे: अज्ञात इसमाने सदर वाहनाच्या बॉनेटवर हिरव्या रंगाने माफी मागून वाहनाचे नुकसान केले.

*

सर्व्हेअर दोन-तीन दिवसांनी आला. तिशीचा, नीट भांग पाडलेला, नाकासमोर बघून चालणारा माणूस. त्याने गाडीला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली, फोटो काढले, आणि तक्रारीचा कागद वाचता वाचता थबकला.

"मॅडम, एक अडचण आहे. पॉलिसीत दुष्ट हेतूने केलेलं नुकसान भरून मिळतं. पण इथे लिहिलंय, माफी मागून."

"मग?"

"माफीत दुष्ट हेतू कुठे आला?"

मला वाटलं तो थट्टा करतोय. तो करत नव्हता. त्याने खाली बसून पिवळी किनार जवळून बघितली. "दुष्ट हेतू असलेला माणूस किनार कशाला देईल? ओरखडा काढेल, काच फोडेल, अॅसिड टाकेल. मी रोज बघतो. हे कुणीतरी प्रेमाने केलंय."

'प्रेमाने' या शब्दावर आमचा वॉचमन दुसरीकडे बघायला लागला.

"तुम्ही असं लिहून नका देऊ," मी म्हटलं.

"मी काहीच लिहीत नाही अजून. ऑफिसला विचारतो. तोवर गाडी अशीच ठेवा."

अशीच ठेवा म्हणजे अशीच वापरा. रिक्षाने सारखं किती फिरणार? सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, गॅरेजमध्ये खर्चाचा अंदाज काढायला काशीगावला जायचं होतं. आम्ही बॉनेटवर जुनी चादर बांधून बघितली, ती हायवेवर उडून काचेवर आली आणि आम्ही मरता मरता वाचलो. मग तसेच फिरू लागलो.

ज्या शहरात सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात, तिथे माफ कर वाचायला कोणालाच अडचण नव्हती. काशीमीऱ्याच्या सिग्नलला एक रिक्षावाला आडवा घुसला, भांडायच्या तयारीने वळला, बॉनेट वाचलं आणि म्हणाला, "कोई बात नहीं अंकल, होता है." एका बाईने स्कूटर थांबवून आम्हाला आधी जाऊ दिलं. दवाखान्याबाहेर एक अनोळखी म्हातारा गाडीसमोर बराच वेळ उभा राहिला, आणि डोळे पुसून निघून गेला. त्याचं काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही.

आमच्याच मजल्यावरच्या एका गृहस्थांशी दारातल्या चपलांच्या स्टँडवरून आमचं बोलणं बंद होतं. ते एका संध्याकाळी बेल वाजवून आत आले आणि नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "एवढं जाहीर करायची गरज नव्हती हो. मीही चुकलो होतो." नवऱ्याने आधी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि मला चहा टाकायला सांगितलं.

माझं मात्र वेगळंच सुरू होतं. सेक्रेटरींची बायको ढोकळा घेऊन आली. "बेन, धीरज राखो," म्हणाली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भिशीतल्या बायका मी आले की विषय बदलायच्या. पुण्याहून मुलीचा फोन आला. तिला कुणीतरी फोटो पाठवला होता. "आई, तू ठीक आहेस ना?" आणि मग, जरा थांबून, "बाबा कसे आहेत? त्यांनाही त्रास होत असेल."

"त्यांना कसला त्रास?"

"म्हणजे... तीच सोडून गेली ना."

पोटच्या मुलीने असं म्हटल्यावर मी काय बोलणार? आणि तिकडे बाबा दिवसेंदिवस खुलत चालले होते. बिल्डिंगमधली तरुण मुलं त्यांना लिफ्टमध्ये "अंकल, कैसे हो?" असं वेगळ्याच आदराने विचारायची. बायका खिडकीतून बघायच्या. त्यांनी कपाटातला निळा शर्ट काढला, जो मी किती वर्षं घाला घाला म्हणून सांगत होते. एकदा मी गाडीत बसताना बघितलं, ते आरशात गाडीच्या मागचं न बघता स्वतःला बघत होते.

मला ठाऊक होतं की काही नाहीये. या माणसाचा दिवस मला ताटातल्या मिठासारखा माहीत. तरीही एका दुपारी जेवताना मी विचारलंच.

"कोणी आहे का?"

त्यांनी घास संपवला. "हो म्हटलं तर तुझा विश्वास बसेल?"

"नाही."

त्यावर ते दुखावले. अर्धी पोळी तशीच टाकून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी भांडी घासताना विचार करत होते, की नवऱ्यावर विश्वास ठेवल्याबद्दल आता मीच त्याची समजूत काढायची का?

*

विमा कंपनीचं पत्र आलं, मग दुसरं आलं. दुष्ट हेतू सिद्ध होत नसल्याने खुलासा द्यावा. नवऱ्याने खुलासा लिहिला की आम्ही त्या माणसाला ओळखतच नाही, तर त्याचा हेतू आम्हाला कसा ठाऊक असेल. त्यावर तिकडून विचारणा आली, की ओळखत नसाल तर त्याने तुमची माफी का मागितली?

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ते पत्र मध्ये ठेवून बसलो असताना बेल वाजली. दारात ती नर्स. नेहमी इस्त्रीच्या कपड्यात दिसणारी ही बाई त्या दिवशी विस्कटलेली होती.

आत आली, बसली, पाणीही घेतलं नाही. "वॉचमन म्हणाला, तुम्ही दोघं बोलत नाही आहात. तुमच्या घरात माझ्यामुळे असं व्हायला नको."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता, तोंड उघडं टाकून.

"तुमच्यामुळे?" मी म्हटलं.

"ते बाय म्हणजे बाय-बाय नाही. आमच्या उत्तनला बहिणीला बाय म्हणतात." तिने मान खाली घातली. "बाय म्हणजे मी. ते माझ्या भावाने लिहिलंय. माझी गाडी समजून."

माझ्या मनावरून एक मोठं ओझं उतरलं. शेजारी नवऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ते ओझं नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं. भाऊ उत्तनचा मच्छीमार, आणि गावातल्या होड्यांवर नावं रंगवणारा. म्हणून ते अक्षर. आई गेली तेव्हा त्याने बहिणीला शब्द दिला होता, की नवी होडी घेईन तेव्हा तिला आईचं नाव देईन. होडी आली. फादरने आशीर्वाद दिला, गाव जमलं, कापड बाजूला केलं, तर होडीवर नाव त्याच्या सासूचं. ही तिथून तशीच उठून घरी आली आणि भावाशी बोलणं टाकलं. त्याचा फोन घेणंही बंद केलं. तो दारात आला तर दार उघडलं नाही. शेवटी त्याने एका पहाटे रंगाचा डबा घेतला आणि स्कूटरवरून इथे आला. बहिणीच्या जागेत पांढरी गाडी उभी, तसलीच गाडी, त्याने नंबर बघितलाच नाही.

"म्हणजे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत?" मी विचारलं.

"बोट फिरवलं तेव्हाच. होडीचा रंग आहे, खाऱ्या पाण्यातसुद्धा जात नाही."

"मग बोलला का नाहीत?"

तिने मान वर केली आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "कशाला बोलू? माझ्या गाडीवर लिहिलेलं नाही. मग ती माफी माझी कशी? मी जर म्हटलं की हो, ही माझी, तर मला ती घ्यावी लागली असती. आणि मला ती घ्यायची नव्हती."

नवऱ्याने विमा कंपनीच्या पत्राची नीट घडी घातली. मग त्याने शांतपणे विचारलं, "पण बिल्डिंगमध्ये सगळ्यांना हे सांगायलाच हवं का?"

*

सर्व्हेअरला कळवलं. त्याला आनंद झाला, कारण आता हेतू ज्याचा आहे तो माणूस सापडला होता. त्याने रविवार सकाळ ठरवली. नर्सने भावाला फोन केला नाही, चर्चमधल्या एका बाईकरवी निरोप धाडला.

भाऊ आला तो स्वच्छ पांढरा शर्ट घालून, हातात टर्पेंटाइनची बाटली आणि पाटीत ताजे बोंबील. पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला, मोठ्या हातांचा माणूस. आमच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "चूक झाली. गाडी वलखली न्हाय. मी पुसून देतो." बहिणीकडे त्याने चोरून बघितलं. ती खांबाला टेकून हाताची घडी घालून उभी होती, जणू कुणाच्या तरी दुसऱ्याच्याच भावाचं चाललंय.

"थांबा, पुसू नका," सर्व्हेअर म्हणाला. त्याने फाईल उघडली. "मला फक्त एक सांगा. हे लिहिताना तुमचा हेतू काय होता?"

"माफी."

"ते कळलं. दुष्ट हेतू होता का?"

"न्हाय!"

मी त्याला बाजूला घेतलं. आम्ही आधीच ठरवलं होतं, की त्याने हो म्हणायचं, म्हणजे सगळं सुरळीत होईल. मी त्याला तसं समजावलं. "भाऊ, एवढं हो म्हणा. कागदापुरतं."

"बाय, कसा म्हनू? माफी मागताना वायट मन हाय असा सांगू? मना दर रविवारी फादरच्या म्होरं उभं ऱ्हायचा हाय."

सर्व्हेअरने पेन उचललं. "म्हणजे हेतू चांगला होता असं लिहू?"

"चांगला?" खांबाकडून आवाज आला. "याचा हेतू चांगला?"

नर्स पुढे आली. तिचं इस्त्रीचं मराठी कुठल्या कुठे गेलं. "लिवून घ्या तुमी. हा लहानपनापासून दुष्ट हाय! माझी बाहुली याने खाडीत टाकली. मी पहिल्या नंबराने पास झाली तवा घरी येऊन सांगितला का नापास झाली. माझ्या लग्नात जेवनाच्या पंगतीत झोपला!"

"मना ताप होता!"

"तुला फेनी होती!"

सर्व्हेअर प्रामाणिकपणे लिहून घेत होता. बाहुली, खाडी. मग त्याने विचारलं, "हे सगळं नुकसान झाल्याच्या तारखेच्या किती आधीचं?"

कुणी ऐकत नव्हतं. दोघं आता आमच्या गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून, बॉनेटवर थापा मारत, इतक्या वेगाने भांडत होते की त्यांची भाषा मला अर्धीच कळत होती. होडी, आई, सासू, एवढंच कळत होतं. सेक्रेटरी खाली आले. खिडक्या उघडल्या. आणि मध्येच भाऊ ओरडला, "बदलला ना पन! नाव बदलला! आयचा नाव लिवला होडीवर. त्यातलाच रंग उरला होता, तो घेऊन हितं आलो!"

ती थांबली. "कदी बदलला?"

"हितं आलो त्याच राती. मंग सासू घर सोडून गेली."

नर्सने तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. सासू घर सोडून कशी गेली, कुठे गेली, काय काय घेऊन गेली, असं एकेक विचारत गेली, आणि तो सांगत गेला, आणि सांगता सांगता तोच रडायला लागला. एवढा मोठा माणूस बॉनेटवर डोकं टेकवून रडत होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पुरे. लोक बगतान."

सगळी बिल्डिंग बघतच होती. सेक्रेटरींच्या बायकोने वरूनच मला विचारलं, "बेन, तो ए बाय कोण?" मी नर्सकडे बोट दाखवलं. त्या खिडकीतून पुढच्या खिडकीत ही बातमी कशी गेली ते मी डोळ्यांनी बघितलं. माझा नवरा निळ्या शर्टात गाडीच्या मागे उभा होता, आणि त्याच्याकडे आता कोणीच बघत नव्हतं.

सर्व्हेअरने घसा साफ केला. "एक विचारू? तुम्हाला यांच्या गाडीवर लिहायचं होतं का?"

"न्हाय हो. बायच्या गाडीवर."

"म्हणजे या गाडीवर लिहिण्याचा तुमचा हेतूच नव्हता. ना चांगला, ना वाईट."

"न्हाय."

सर्व्हेअरच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "मग हा अपघात आहे! माफी दुसरीकडे जात होती, ही गाडी मध्ये आली. अपघात तर पॉलिसीत सरळ बसतो." त्याने पानभर लिहून वर अपघात असा शब्द ठेवून खाली रेघ मारली.

आम्ही सुटलो. फक्त भावाला ते आवडलं नाही. निघताना तो सर्व्हेअरला दोनदा म्हणाला, "सायेब, अपघात नका लिवू. मनापासून केलेला हाय."

*

दावा मंजूर झाला. रंगाच्या सामानापोटी थोडी रक्कम कापली गेली आणि पुढच्या हप्त्यातली सूट गेली, ते सगळ्यांचंच जातं. काशीगावच्या गॅरेजवाल्याने बॉनेट नव्याने रंगवून दिलं.

नवऱ्याने निळा शर्ट पुन्हा कपाटात ठेवला. पुढच्या आठवड्यात कंपनीतल्या कोणाच्या तरी लग्नाला जायचं होतं तेव्हा तो मी बाहेर काढून पलंगावर ठेवला, आणि त्यांनी तो निमूट घातला. लिफ्टमध्ये मी त्यांची कॉलर नीट केली. सोबत कॉलेजच्या दोन मुली होत्या. मला वाटतं मी ते जरा जास्तच वेळ केलं.

गावच्या सणाला नर्सने आम्हाला उत्तनला नेलं. भावाच्या अंगणात मांडव, मोठ्या टोपात कालवण, किनाऱ्यावर ती हिरवी होडी, आईच्या नावाची. भावाच्या सासूबाई परत आलेल्या होत्या. मांडवाच्या एका टोकाला खुर्चीवर, लुगड्यात, सोन्याने मढलेल्या, तोंड समुद्राकडे करून बसलेल्या. त्या कोणाशीच बोलत नव्हत्या. जावयाने त्यांच्या ताटात बोंबील वाढला तर तो त्यांनी मागच्या मागे कुत्र्याला दिला.

जेवता जेवता त्यांनी माझ्या नवऱ्याला बोटाने बोलावलं. तो ताट घेऊनच गेला, मागोमाग मी. गाडीवाले आपणच का, म्हणून विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी आधी आम्हा दोघांना नीट निरखून बघितलं.

"तुमच्या गाडीवर नाव लिवला, तर तुमाला कंपनीने भरून दिला."

"हो."

"माझा नाव होडीवरून पुसला. मना कोन भरून देनार?"

मला हसू आलं, पण नवरा हसला नाही. त्याने खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसला आणि गंभीरपणे विचारलं, "होडीचा विमा कोणाच्या नावावर आहे?" त्या म्हणाल्या, ते ठाऊक नाही. तो म्हणाला, आधी तेच बघायला हवं. मग बराच वेळ दोघं खाली मान घालून बोलत होते. मी हात धुऊन परत आले तेव्हा म्हातारीने आपल्या ताटातली तळलेली सुरमई त्याच्या ताटात वाढली होती, आणि तो, अॅसिडिटी विसरून, ती खात होता.